काट्याची पावती सगळे जपतात, वाचत कुणी नाही

हंगाम सुरू झालाय. आमच्या कृष्णाकाठाला संध्याकाळी सहानंतर रस्त्याकडेला पाच मिनिटं उभं राहिलं की चार-पाच डबल ट्रॉल्या तरी समोरून जातात. गाणी मोठ्यानं लावलेली, दोन्ही बाजूंनी ऊस लोंबतोय, मागच्या ट्रॉलीला दिवा असला तर असला. या दिवसांत दरवर्षी दोन विषयांवर पोस्टी पडतात. एक काटामारीचा, दुसरा अपघाताचा. हे दोन वेगळे विषय आहेत असं मलाही वाटायचं. पण दोन्ही विषय एकाच कागदावर आहेत, आणि तो कागद आपल्या प्रत्येकाच्या कपाटात पडलाय. त्यासाठीच हे लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी माझं सांगतो, म्हणजे कुणी म्हणायला नको की घरात बसून ट्रॅक्टरवाल्यांना शहाणपण शिकवतोय. मी स्वतः ट्रॅक्टरवाला. ५० एचपीचा ट्रॅक्टर, दोन चाकी ट्रॉल्यांची जोडी, आठ कोयत्यांची टोळी. सात हंगाम एका कारखान्याला ऊस ओढला. गावात "कुणाची खेप जास्त टनाची" यावर पैजा लागायच्या, त्यात मीही असायचो. २४ टन ६०० किलोची एक पावती मी मोबाईलच्या स्टेटसला ठेवली होती. खाली पंचवीस-तीस जणांनी अभिनंदन केलं होतं. त्यातले बरेच जण आज ही पोस्ट वाचत असतील.

जानेवारी २०२४. रात्रीचे दोन वाजून गेलेले. फडातून भरून निघालेली खेप. नदीच्या पुलाकडं उतरणारा रस्ता आहे. फार मोठा उतार नाही, सायकलवरून जाताना पायडल मारावं लागत नाही एवढाच. त्या उतारावर मागच्या दोन ट्रॉल्यांनी ट्रॅक्टरला ढकललं. ट्रॅक्टर आडवा फिरला, पुढची ट्रॉली त्याच्या अंगावर आली आणि मागची रस्त्यावर कलंडली. ड्रायव्हर पोरगा चोवीस वर्षांचा. त्याचा उजवा पाय मडगार्ड आणि ट्रॉलीच्या सांगाड्यात सापडला. टोळीतली माणसं एरवी उसावर बसून कोप्यांपर्यंत जायची, त्या रात्री ती आधीच दुसऱ्या गाडीनं गेली होती. समोरून कुणी येत नव्हतं. एवढं नशीब.

पहाटे दवाखान्यात तो मला म्हणाला, "आण्णा, ब्रेक लागलाच होता. मागची चाकं थांबली होती. गाडीच थांबत नव्हती."

मी त्याला म्हटलं, बरं बरं, तू आता बोलू नको. खरं सांगायचं तर माझा त्याच्यावर विश्वास बसला नव्हता. मला वाटलं डोळा लागला असेल, नाहीतर फोनवर असेल. पंचनाम्यात आलं, चालकाचा ताबा सुटल्यानं. दुसऱ्या दिवशी पेपरलाही तेच आलं. आपण रोज वाचतो तेच वाक्य. मीही ते मान्य केलं, कारण त्यात माझा काही दोष दिसत नव्हता.

आता यात माझा भाचा कुठून आला ते सांगतो.

भाचा मेकॅनिकल इंजिनिअर, अमेरिकेत टेक्सासला असतो. अपघाताचं कळल्यावर त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग मी सहज विचारलं, तुझं ते फिरतं घर घेतलंस का? तिकडं लोक पिकअप गाडीमागं अख्खं घर ओढत नेतात. आत स्वयंपाकघर, पलंग, संडास सगळं. त्यातला मोठा प्रकार असतो त्याला फिफ्थ व्हील म्हणतात. त्याची जोडणी गाडीच्या मागं नसते, पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या बरोबर वर असते. आपल्या पुणे-बेंगळूरू हायवेवर कंटेनर ओढणारे ट्रेलर दिसतात, त्यांना हीच जोडणी. असलं घर घ्यायचं म्हणून तो चार महिने मागं लागला होता.

म्हणाला, "मामा, जे ठरवलं होतं ते घेतलंच नाही. गाडीला झेपत नाही."

मी हसलो. म्हटलं, अरे एवढी मोठी गाडी तुझी, जाहिरातीत तर सहा टनांच्या वर ओढते म्हणतोस. आमचा ट्रॅक्टर बघ, तुझ्या गाडीपेक्षा हलका आणि वीस टन ओढतोय.

त्यावर त्यानं मला जे समजावलं ते मला सात हंगामांत कुणी सांगितलं नव्हतं.

त्याचं म्हणणं असं. जाहिरातीत असतो तो ओढायचा आकडा. पण मागचं घर नुसतं ओढलं जात नाही, त्याचा काही भार गाडीच्या पाठीवर बसतो. फिफ्थ व्हीलच्या बाबतीत घराच्या वजनाच्या साधारण वीस टक्के धरायचा. घर ५,४०० किलोचं, म्हणजे १,०८० किलो गाडीच्या पाठीवर. आता गाडीच्या पाठीला किती झेपतं? ते जाहिरातीत नसतं. ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एका स्टिकरवर लिहिलेलं असतं. त्याच्या गाडीला १,२५० किलो. त्यातून घरची चार माणसं वजा, २७० किलो. जोडणीचं लोखंड वजा, ८० किलो. उरले ९००. लागणार १,०८०. विषय संपला. ओढायची ताकद शिल्लक होती, पेलायची नव्हती. शेवटी त्यानं ४,००० किलोचं लहान घर घेतलं. त्याचा पाठीवरचा भार ८०० किलो, म्हणजे बसतो. घर जोडल्यावर, सामान भरून, हायवेवरच्या काट्यावर पैसे देऊन वजन करून घेतलं. पुढचा आस वेगळा, मागचा वेगळा, घराचा वेगळा.

आणि त्या घराच्या चाकांना स्वतःचे ब्रेक. गाडीत ब्रेक दाबला की घराचेही लागतात. चुकून जोडणी तुटून घर सुटलंच, तर एक वायर खेचली जाते आणि घराचे ब्रेक आपोआप लागतात.

मी गप्प बसून ऐकत होतो. मग त्यानं विचारलं, "मामा, तुमच्या ट्रॉलीला ब्रेक आहेत ना?"

नव्हते.

"आणि आरसीवर वजन किती लिहिलंय?"

माहीत नव्हतं. सात वर्षं ट्रॉल्या माझ्या दारात उभ्या आहेत, पण हे कागद मी घेतल्या दिवशी पिशवीत घातले ते कधी उघडले नव्हते.

त्या रात्री पिशवी काढली. एका ट्रॉलीचं रिकामं वजन १.७ टन. भारासकट वजन ६.५ टन. म्हणजे एका ट्रॉलीत माल ४.८ टन, दोन्हींत मिळून ९.६ टन. दुसऱ्या फाईलमधून त्या हंगामाच्या पावत्या काढल्या. अपघातापर्यंत ११२ खेपा झाल्या होत्या. सगळ्यात कमी खेप १६.२ टन, सरासरी २०.८, सगळ्यात जास्त ती २४.६ची, स्टेटसवाली. ११२ पैकी ९.६च्या आतली एकही नाही.

अपघाताच्या खेपेची पावती माझ्याकडं नाही, कारण ती काट्यावर पोचलीच नाही. पण आदल्या दिवशीची त्याच फडातली खेप २४ टनांच्या पुढं होती आणि ट्रॉल्या तशाच भरल्या होत्या.

भाच्यानं मग फोनवर हिशेब मांडला. सोपा आहे, कुणालाही कळेल.

ट्रॅक्टर २.२ टन, दोन रिकाम्या ट्रॉल्या ३.४ टन, ऊस २४.६ टन. सगळं मिळून ३० टन. वीस फुटाला एक फूट उतार असेल तर तीस टनांची ढकल होते दीड टन. आता थांबवणारं कोण? ट्रॅक्टरची मागची दोन चाकं, दुसरं कुणी नाही. ट्रॉलीला ब्रेक नाहीत आणि आपल्या साध्या ट्रॅक्टरला पुढच्या चाकांनाही नसतात. मागच्या दोन चाकांवर ट्रॅक्टरचं आणि ट्रॉलीच्या दांडीचं मिळून जेवढं वजन बसतं, कोरड्या डांबरावर टायर त्याच्या साठ-सत्तर टक्के जोरानं रस्ता धरतं. तो जोर येतो फार तर दीड टन.

ढकल दीड टन, धरणारा जोर दीड टन. म्हणजे ब्रेक पूर्ण दाबला, चाकं जागेवर थांबली, तरी एवढंच होतं की वेग आणखी वाढत नाही. कमी व्हायला हाताशी काय उरतं? टायरांची घासण. त्यात रस्त्यावर पाचट पडलेलं, पहाटेचं दव, किंवा आधीच्या गाडीचा चिखल असला तर टायर तेवढाही रस्ता धरत नाही.

"आण्णा, मागची चाकं थांबली होती, गाडीच थांबत नव्हती." पोरगा अक्षरशः खरं बोलत होता. पंचनाम्यातलं वाक्य खोटं होतं. ताबा त्या उतारावर सुटला नाही. ट्रॉल्या भरून फडातून निघाल्या तेव्हाच तो कुणाच्या हातात नव्हता.

हाच हिशेब आरसीवरच्या वजनानं करून बघा. ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि ९.६ टन ऊस, सगळं मिळून १५ टनांच्या आसपास. ढकल होते पाऊण टन. ट्रॅक्टरच्या चाकांचा जोर त्याहून जास्त आहे, त्यामुळं गाडी थांबते. आरसीवरचा आकडा कुणा साहेबानं आपल्याला छळायला लिहिलेला नाही.

आणि आता जे सांगतो ते सांगायला मला दोन वर्षं लागली. उतारावर गियर काढून न्यूट्रलवर सोडायचं, डिझेल वाचतं, हे त्या पोराला मीच शिकवलं होतं. इंजिनाचा जो थोडा रोध मिळाला असता तोही मी काढून घेतला होता. त्या रात्री गाडी न्यूट्रलवर होती का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

आता पुढचं चाक उचलण्याबद्दल. याचे व्हिडिओ आपण सगळे आवडीनं बघतो. फडातून बाहेर काढताना ट्रॅक्टर पुढून उभा राहतो, मग दोन गडी बॉनेटजवळ उभे करतात, खाली जोरात गाणं. भाचा म्हणाला, मामा, यात ट्रॅक्टरची ताकद दिसत नाही, उलटं दिसतं.

पिकअपच्या जोडणीचा भार मागच्या आसावर पडतो, म्हणून पुढचं चाक जमिनीला राहतं. आपला हूक मागच्या आसाच्या मागं, दीड-दोन फुटांवर. दोन चाकी ट्रॉली भरली की तिच्या दांडीचा भार त्या हुकावर बसतो. माणसानं परातीच्या कडेवर हात ठेवला की समोरची कड उचलते, तसं ट्रॅक्टरचं नाक हलकं होतं. एवढ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर मुळात आठ-नऊशे किलो वजन असतं. दांडीचा भार एक टन असेल तर त्यातले अडीच-तीनशे किलो तिथंच जातात. वर चढ आला, चिखल आला, जोर लागला की आणखी जातात. राहिलं काय? स्टेअरिंग फिरवलं तरी चाक रस्त्यावर घासत सरळच जातं. वळणावर समोरच्याला वाटतं ड्रायव्हर दारू प्यालाय.

भरणारे आपल्याकडं म्हणतात, "पुढं भर, चाक धरतं." ते खरं आहे, मागचं चाक धरतं. पण पुढचं सुटतं, आणि वळायचं असतं पुढच्या चाकावर. उलट मागं जास्त भरलं तर दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरचं मागचं चाक हलकं होतं, मग ब्रेकही जातो. मागच्या ट्रॉलीची दांडी पुढच्या ट्रॉलीच्या शेपटीवर बसते, ती ट्रॉली कशी भरलीय यानं पुढचा सगळा तोल बदलतो. हा तोल सांभाळतो कोण? रात्रीच्या अंधारात, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढणारे नवरा-बायको. त्यांना हे कुणी शिकवलं? कुणीच नाही. त्यांना टनावर पैसे.

इथं गाडी मुद्द्यावर येते. सगळे टनावर.

तोडणारा कोयता टनावर. वाहतूक टनावर. ड्रायव्हरचा भत्ता खेपेवर. डिझेल एका खेपेला जवळपास ठरलेलं, दहा टन नेले तरी आणि वीस नेले तरी फरक दुपटीचा नसतो. मग कोण दहा टन नेईल? त्यात टोळीची उचल. आठ कोयत्यांची उचल आठ लाखांच्या वर गेली होती माझी. त्यातले काही पैसे कारखान्याचे ॲडव्हान्स, काही मी सोनं ठेवून काढलेले. तीन वर्षांपूर्वी एक टोळी उचल घेऊन आलीच नाही, ते पैसे अजून फिटलेले नाहीत. आमच्या तालुक्यात असे किती ट्रॅक्टरवाले बुडाले ते तुम्हाला माहीत आहे. असा माणूस फडावर उभा राहून "पुरे, आता भरू नका" म्हणेल का? मी कधी म्हणालो नाही.

शेतकरीही म्हणत नाही. त्याचा ऊस तुटून पडलाय, वाळतोय, वजन घटतंय. तो म्हणतो, एवढ्यासाठी आणखी एक खेप कशाला, घाला वर. तोडणी-वाहतूक त्याच्याच बिलातून कापली जाते, म्हणून त्यालाही वाटतं वाहतूक स्वस्त पडावी. कारखान्याला गव्हाण चालू राहायला हवी. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर आहे, आणि सगळ्यांचं बरोबर मिळून तीस टन त्या चोवीस वर्षांच्या पोराच्या पाठीमागं.

आता काट्याकडं या.

काटामारीवर आपण भांडतो, भांडलंच पाहिजे. २०२५-२६ हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये होती. एका खेपेत एक क्विंटल मारला तरी ३५५ रुपये गेले. म्हणून आपण बाहेरून वजन करून आणतो, पावत्या जुळवतो, वैधमापनवाल्यांच्या भरारी पथकाची मागणी करतो, डिजिटल काट्याची मागणी करतो. किलो-किलोवर आपलं लक्ष आहे.

पण त्याच पावतीवर भरलेल्या गाडीचं एकूण वजन छापलेलं असतं. ते वाचून आजवर कुणी विचारलं का, की ही गाडी एवढं वजन घेऊन रस्त्यानं इथवर आलीच कशी?

मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ बघा. २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. माझी ती स्टेटसवाली खेप घ्या. परवानगी ९.६, नेले २४.६, जादा १५ टन. वीस हजार अधिक तीस हजार, पन्नास हजार रुपये. एका खेपेचे. माझ्या ११२ खेपांचा हिशेब मी केला नाही, झोप लागली नसती.

जादा भार पकडायला रस्त्यावर गाडी अडवावी लागते, काट्यावर न्यावी लागते. इथं उलटं आहे. गाडी स्वतःच्या पायानं प्रमाणित काट्यावर येते, वजन होतं, तारीख, वेळ, गाडी नंबर, ड्रायव्हर, सगळं कॉम्प्युटरमध्ये जातं. राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने, प्रत्येकाकडं हंगामाच्या हजारो खेपांची नोंद. एवढा पुरावा दुसऱ्या कुठल्या वाहतुकीत नसेल. आणि त्याचा उपयोग फक्त बिल काढायला होतो.

दरवर्षी हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायचा कार्यक्रम होतो. साहेब येतात, संचालक येतात, फोटो निघतात. कार्यक्रम चांगलाच आहे, त्याला माझा विरोध नाही. रिफ्लेक्टरनं मागून येणारा मोटारसायकलवाला वाचतो. पण ट्रॉल्या पुढं कुणावर चालून आल्या तर रिफ्लेक्टर काय करणार?

मला कल्पना आहे, आता काही जण म्हणतील, "आण्णा, दहा टन भरून धंदा कसा करायचा ते पण सांगा." बरोबर प्रश्न आहे. आजच्या दरात दहा टन भरून ट्रॅक्टरवाला जगत नाही. म्हणून नुसता दंड मारून हा प्रश्न सुटणार नाही. उद्यापासून दंड सुरू झाला तर पहिल्यांदा मरेल तो कर्जातला ट्रॅक्टरवाला, आणि कारखान्याला दुसरा मिळेल. माझं म्हणणं एवढंच आहे:

१. काट्याच्या पावतीवर आणखी एक ओळ छापा: आरसीप्रमाणे परवानगी किती टन. आकडा कारखान्याकडं करार करताना येतोच. निदान रोज डोळ्यांसमोर तरी राहील.

२. वाहतुकीचा दर फक्त टनावर ठेवू नका. खेपेचा आणि अंतराचा ठरावीक पैसा धरा, वर टनाचा थोडा. कमी भरलं तर मरतो, ही भीती गेली पाहिजे. वाहतूक थोडी महाग पडेल. ती नुसती शेतकऱ्याच्या बिलावर न टाकता कारखान्यानंही उचलावी. वार्षिक सभेत हा विषय आपण सभासदांनी मांडायचा आहे.

३. करार करताना ट्रॉलीला ब्रेक आहेत का ते बघा. एअर ब्रेक किंवा हायड्रोलिक ब्रेक बसवता येतात. पैसे लागतात. ट्रॅक्टरवाल्याला टोळीसाठी लाखांनी ॲडव्हान्स मिळतो, ब्रेकसाठीही मिळावा.

४. गाडीतळावर नंबर लागायला बारा-चौदा तास लावू नका. सकाळी आलेला पोरगा रात्री रिकामा होतो आणि झोप न घेता पुन्हा फडात जातो. त्या रात्री माझा ड्रायव्हर झोपला नव्हता, तरी जागा होता. दुसरा कुणी झोपला असता.

५. उसावर माणसं बसवू नका. यात कुणाच्या परवानगीची गरज नाही, आज रात्रीपासून होऊ शकतं.

माझं काय झालं तेही सांगतो. विमा कंपनीनं हात वर केले. ट्रॅक्टर शेतीकामासाठी नोंदवलेला, तुम्ही भाड्यानं वाहतूक करत होता, भारही जादा, असं पत्र आलं. ट्रॉल्यांचा विमा नव्हताच. पोराच्या दवाखान्याचा खर्च मी केला, तो उपकार नव्हता, माझंच देणं होतं. नुकसानभरपाईचा दावा त्यानं माझ्यावर लावलाय. गावातले काही जण मला म्हणाले, बघा, एवढं केलं आणि उलटला. मी त्यांना सांगितलं, त्याला वकील मीच बघून दिलाय. पायात सळई आहे, चालतो, पण क्लच दाबायला पाय जोर धरत नाही असं म्हणतो. डाव्या पायाचा संबंध नाही, उजवा मोडला होता. भीती बसलीय. ती मी समजू शकतो. सध्या तो माझ्याच रानात पाणी पाजतो.

मी एक ट्रॉली विकली. राहिलेलीला ब्रेक बसवून घेतले. आता एका ट्रॉलीवर जवळच्या फडातला ऊस ओढतो. टोळी सोडली, कारखान्याचा मोठा करार गेला. पैसे पहिल्याच्या निम्मे येत नाहीत. कर्ज फिटायला पाच वर्षं लागतील असं दिसतंय. यात मोठेपणा काही नाही. मला आता त्या पुलाच्या उतारावर दुसऱ्या कुणाला तीस टन घेऊन पाठवायचं धाडस होत नाही, एवढंच. आणि अजूनही माझ्या एका ट्रॉलीत आरसीपेक्षा थोडं जास्त जातंच, हेही कबूल करतो. पूर्ण सुधारलोय असं म्हणणार नाही.

शेवटी एक काम सांगतो. ट्रॅक्टरवाल्यांनी आज आरसीची पिशवी काढा. तीन आकडे एका कागदावर लिहा: ट्रॉलीचं रिकामं वजन, भारासकट परवानगी, आणि कालच्या खेपेची काट्यावरची पावती. तो कागद स्टेअरिंगजवळ चिकटवा, ड्रायव्हरला दिसेल असा. भाच्याच्या गाडीच्या खांबावर कंपनीनं चिकटवलेला असतो, आपल्याला हातानं चिकटवावा लागेल.

ऊस उत्पादकांनी आपल्या पावत्यांवरचं निव्वळ वजन बघून झालं की वरचं एकूण वजनही बघा. आणि पुढच्या सभेत उठून तो आकडा मोठ्यानं वाचा. मी वाचणार आहे, माझ्या स्वतःच्या ११२ पावत्या घेऊन. सोबत कोण येतंय ते सांगा.